घोटीव कागदाची पानं

मी शाळेत शिकायला कधी गेले नाही. गेले ती एकदम अध्यक्ष म्हणूनच. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत, पण खोटं नाही त्यात काही. नात तिसरीत गेली तेव्हाची गोष्ट. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून शहरातल्या दवाखान्यात, दोघं उजाडलं की कामाला बाहेर. मग पालकसभेला घरातून जाणार कोण? मीच. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समिती निवडायची होती. अध्यक्ष कोण होतंय, असं हेडसरांनी विचारलं आणि सगळ्या बाया आपापल्या पायाच्या बोटांकडं बघायला लागल्या. मला बापडीला सभेची रीत काय माहीत? मी नेमकं तेव्हाच विचारलं की सर, पोरांच्या वर्गातला पंखा कशापायी बंद आहे. हेडसर म्हणाले, "आजी बोलतात. आजीच अध्यक्ष." टाळ्या पडल्या. पंखा अजून बंदच आहे, पण अध्यक्ष मी झाले.

आमची कामगार वसाहत कुंभारीच्या अंगाला आहे. एकासारखं एक घर, आणि घरोघर दारात बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मीपण त्यातलीच. लग्न होऊन दुधनीकडून आले तेव्हा मला मराठीपेक्षा कानडी जास्त यायचं. शेजारणी तेलुगू बोलायच्या. विडी वळायला शिकले ती त्यांच्या हाताकडं बघून, आणि मराठी शिकले ती नवऱ्याच्या शिव्या ऐकून. वाचायला मात्र मला कुणी शिकवलं नाही. विडीच्या पुड्यांवरची लेबलं, एसटीच्या पाट्या, पुढं नातीची पहिलीची पुस्तकं. ती मोठ्यानं वाचायची आणि मी वळता वळता तिच्या बोटाखालचं अक्षर बघून घ्यायची. आता लिहितेसुद्धा. बोलते तसंच लिहिते, नातीच्या पुस्तकातलं वळण लागलंय तेवढंच.

तर सांगायचं आहे ते मॅडमचं.

आमच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसते आणि त्या खोलीच्या ह्या मॅडम. कुर्डुवाडीच्या, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या माणसाची लेक. वयानं माझ्या सुनेएवढ्या. गणित चांगलं शिकवतात असं पोरं सांगायची, आणि फळ्यावर चित्र काढायची वेळ आली की चौथीतल्या एका मुलीला उठवून तिच्याकडून काढून घेतात, असंपण पोरंच सांगायची. पोरांना सगळं कळत असतं.

मग सरकारचं नवीन प्रशिक्षण आलं. आता प्रशिक्षण हा शब्द आम्हाला नवा नाही. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा गुरुजी प्रशिक्षणाला गेले की पोरांना मोकळीक, दिवसभर विहिरीवर. गुरुजी परत यायचे तेव्हा खांद्याला एक नवी पिशवी असायची, पिशवीत एक पुस्तक. पुस्तक कपाटात जायचं, कपाटाला कुलूप लागायचं, आणि गुरुजी होते तिथून पुढं शिकवायला लागायचे. त्यामुळं मॅडम जिल्ह्याला प्रशिक्षणाला जाणार म्हटल्यावर मी हेडसरांना एवढंच विचारलं होतं की मधल्या काळात खोली कोण सांभाळणार. बाकी आशा काही धरली नव्हती.

पण ह्या वेळी मॅडम परत आल्या त्या नखांत रंग घेऊन. मी मुद्दाम बघितलं. पिशवी होती, पुस्तकपण होतं, पण नखांच्या कडेला निळा रंग बसला होता आणि तो घासून निघाला नव्हता. मी विचारलं तर त्या व्हरांड्यात माझ्याशेजारी टेकल्या आणि सांगत सुटल्या. चित्र, गाणं, नाच, नाटक हे आता जादाचं म्हणून ठेवायचं नाही, भाषेसारखा आणि गणितासारखा तोही विषयच, असं सरकारनं ठरवलंय. आणि ते पोरांना शिकवायच्या आधी मास्तरांना स्वतः करायला लावलं. मातीत हात घालायला लावले. गायला लावलं. रिटायर व्हायला आलेले एक सर लेझीम खेळता खेळता चष्मा पाडून बसले, तो शोधायला निम्मा वर्ग गुडघ्यावर. मॅडम हे सांगताना इतक्या हसत होत्या की मला वाटलं, ही बाई गेली होती ती आणि आली ती, वेगळी आहे.

आणि पुढचे महिने मी बघितलं ना. आठवड्याला दोन तास कलेचे म्हणून वेळापत्रकात लागले आणि ते खरोखर व्हायला लागले. गावातल्या कलाकारांना शाळेत बोलवा असं वरून आलं होतं, तर मॅडमनी हातमागावर जन्म काढलेल्या एका आजोबांना आणलं. त्यांनी पोरांपुढं चादर पसरली आणि उलटी केली. ह्या बाजूला जे फूल गडद, तेच त्या बाजूला फिकं. पोरं ज्या चादरी रोज अंगावर घेऊन झोपतात, त्याच चादरी त्या रात्री घरोघर उलटसुलट करून बघितल्या गेल्या. माझी नात तर आधी चित्र काढलं की त्यावर हात ठेवून झाकायची. आता घराच्या भिंतीला जागा उरली नाही.

सगळ्यांना हे पटलं असं मात्र नाही. माझ्या शेजारणीला अख्खी गल्ली अक्का म्हणते, तेलुगू घरातली, तोंडानं तिखट आणि हातानं माझ्यापेक्षा चपळ. तिचा धाकटा त्याच खोलीत, चौथीला. त्याला भागाकार येत नव्हता. अक्का रोज वळता वळता, मला अव्वा म्हणून हाक मारून, ऐकवायची.

"अव्वा, तुमी अध्यक्ष. तुमीच सांगा. मातीचे बैल करून माझ्या पोराला कोण नोकरी देनार हाय?"

मी म्हणायची, बैल तर बैल, काहीतरी करतोय ना.

हेडसरांचंही म्हणणं तेच होतं, फक्त हळू आवाजात. माणूस वाईट नाही. शाळेच्या झाडांना उन्हाळ्यात स्वतः पाणी घालतो. पण गणिताच्या चाचणीत पोरं मागं पडली की वरून विचारणा त्यांनाच होते. त्यांनी एक दिवस मॅडमना आणि मला ऑफिसात बसवून सांगितलं की प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या बाई शाळेला भेट द्यायला येणार आहेत. शाळेत कला कशी चाललीय आणि पालक त्यात कसे येतात, ते बघणार. त्या भेटीत काही दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर दोन्ही तास गणिताला जातील, मग कुणी रुसायचं नाही.

मॅडम हो म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आजी, माझ्या लहानपणीच्या शाळेत वेळापत्रकात चित्रकलेचा तास होता. कागदावर. गणिताचे सर दर वेळी दारात यायचे आणि म्हणायचे, हा तास मी घेतो. शाळा संपेपर्यंत तो त्यांनीच घेतला. ह्या पोरांचा नाही मी जाऊ देणार."

आता ऐका पुढं काय झालं.

भेटीच्या आधी मॅडमनी पालकांची एक दुपार ठेवली. पालक म्हणजे बायाच की, बापे कुठं येतात. दुपारी विडी कारखान्यात वळलेला माल देऊन झाला की सगळ्या आल्या, डोक्यावर पदर घेऊन, पोरांच्या सतरंजीवर बसल्या. मॅडम शहरातून घोटीव कागद घेऊन आल्या होत्या. एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं पांढरा, तो कागद. लाल, पिवळा, जांभळा, सगळे रंग. भेटीच्या दिवशी बायांनी केलेलं काम एका भिंतीला आणि पोरांनी केलेलं दुसऱ्या भिंतीला लावायचं, असा बेत. मॅडमनी कात्र्या दिल्या, कागदाचा गठ्ठा मधे ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या मनाला येईल ते करा, कसलीच अट नाही. तेवढ्यात हेडसरांनी ऑनलाइन कसलीतरी माहिती भरायला त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या.

आम्ही बसलो. कुणी कागदाला हात लावेना. अक्कानं विचारलं, काय करायचं म्हणे. मी म्हणाले, मनाला येईल ते. ती म्हणाली, ते व्हय, पर करायचं काय. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, जसं काही अध्यक्षाच्या मनाला आधी यायला पाहिजे. माझ्या मनाला काही आलं नाही. नुसते हात मांडीवर.

मग कुणीतरी एका पोरीच्या लग्नाचा विषय काढला. स्थळ चांगलं आहे पण सासू कशी आहे, कुणाच्या ओळखीची आहे, अशी बोलणी सुरू झाली आणि त्या नादात कुणाच्यातरी हातात कात्री आली. मग दुसरीच्या आली. बोलणं रंगलं. हात आपले चालू. एक कागद संपला की मधल्या गठ्ठ्यातला दुसरा ओढायचा. लग्न ठरलं, मोडलं, परत ठरलं, आणि मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांची नजर सतरंजीवर होती, म्हणून आम्हीपण खाली बघितलं.

सगळ्यांच्या मांडीपुढं पानं पडली होती. विडीच्या पानाच्या मापाची, लांबट चौकोनी, एकावर एक रचलेली, कडा जुळवलेल्या. माप ठेवून कापायला पत्रा नव्हता तरी एका बाईचं पान दुसरीच्या पानावर ठेवलं तर रेघभर फरक निघाला नसता. लाल पानं, पिवळी पानं, जांभळी पानं. मधला गठ्ठा संपला होता. पोरांच्या भिंतीचा कागदपण त्यातच गेला. आणि माझ्यापुढं सुद्धा तसलीच थप्पी, हिरवी. मी कधी कापली मला आठवत नाही.

अक्का आधी भानावर आली. "आता काय म्हनून उभ्या ऱ्हायलाय मॅडम? काय करायचं त्ये तुमी सांगितलंच न्हाय की."

मला वाटलं आता ह्या बाईचा बांध फुटतो. एवढा धडपडून आणलेला कागद, भेट तोंडावर, आणि आम्ही अडाणी बायांनी त्याची पानं करून ठेवलेली. पण मॅडम सतरंजीवर आमच्यात येऊन बसल्या. एक पान उचललं, उलटंसुलटं बघितलं. म्हणाल्या, "प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्हाला पण कोरा कागद दिला होता. मनाला येईल ते काढा म्हणाले. खोली भरून शिक्षक होतो आम्ही. सगळ्यांनी काय काढलं माहितेय? दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. सगळ्यांनी. कागद भिंतीला लावले तेव्हा कुणाचा कुठला ते ओळखू येईना."

बाया हसायला लागल्या. एकजण म्हणाली, झोपडीला नारळाचं झाड होतं का. मॅडम म्हणाल्या, होतं, डावीकडं. त्यावर तर सगळ्या इतक्या हसल्या की हेडसर ऑफिसातून उठून आले.

हेडसरांना हसू आलं नाही. त्यांनी पानं बघितली, मॅडमकडं बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की बाजारात तयार तक्ते मिळतात, वारली चित्रं, कागदाची फुलं, सगळं. दुसऱ्या शाळेतनंही मागून आणता येईल. भेटीपुरतं लावू, मग परत देऊ. तसं करतात लोक, मला माहीत आहे. साहेब येणार म्हटलं की शाळेला एका दिवसात नवी कापडं चढतात. पण मॅडम मागून आल्या होत्या आणि त्यांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या की सर, पोरांचा तास एरवी होतो तसाच होईल, कागद आहे तोच वापरू. हेडसर म्हणाले, मग जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. मॅडम म्हणाल्या, हो.

त्या रंगीत पानांच्या थप्प्या त्यांनी एका जुन्या सुपात भरून ठेवल्या. सूप माझंच होतं, मीच दिलं.

भेटीच्या दिवशी आल्या त्या बाईंना मी मनातल्या मनात साहेबबाई म्हणते. चष्मा, सुती साडी, हातात डायरी, बोलणं कमी. प्रशिक्षणात मॅडमना शिकवायला ह्याच होत्या. मी अध्यक्ष म्हणून वर्गात मागं खुर्चीवर. हेडसर दाराला टेकून. मॅडमनी सूप मधे ठेवलं आणि पोरांना एवढंच सांगितलं की ही पानं तुमच्या आयांनी आणि आज्यांनी कापलीत, आता तुमच्या मनाला येईल ते करा. डिंकाच्या बाटल्या आणि दोऱ्याचं रीळ बाजूला ठेवलं.

मला वाटलं पोरं चिकटवाचिकटवी करतील. पान-पान जोडून फूल वगैरे. थोडा वेळ तसं झालंही. मग साहेबबाई एका पोरापाशी थांबल्या. तो अक्काचा धाकटा. त्यानं लाल पान हातात घेतलं होतं, अंगठ्यानं आणि बोटानं तिरकं धरून गुंडाळलं होतं, आणि दोरा मारत होता. दोरा कसा मारायचा ते त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एक झालं की दुसरं.

"काय करतोयस रे?"

"विडी," तो म्हणाला. तोंड वर न करता.

आणि मी बघते तर आणखी दोघं-तिघं तेच करत होते. सरकारी शाळा, सरकारी भेट, कलेचा तास, आणि पोरं बसून विड्या वळतायत. हेडसरांचा चेहरा बघवेना. बालमजुरीचा कायदा मलापण ठाऊक आहे, त्याच्या पाट्या मी वाचलेल्या आहेत. ह्या एका गोष्टीवरून शाळेचं नाव कुठल्याकुठं जाऊ शकतं, आणि तास तर गेलेच, असं मी धरून चालले.

मॅडमनी ते त्याच्या हातातून काढून घ्यायला पाहिजे होतं. कुणीही तेच केलं असतं. त्या खाली बसल्या आणि त्याला साध्या आवाजात विचारलं, "बरं, मग पुढं काय होणार हिचं?"

त्यानं विचार केला. "म्हाईत न्हाय," म्हणाला.

"ठीक आहे. बघ मग काय होतंय."

माझी नात त्याच्या शेजारी होती. ती म्हणाली, दे हिकडं. त्याच्या लाल नळीभोवती तिनं एक गुलाबी पान कमरेला गुंडाळलं, टोक वरून आणून मागं सोडलं आणि डिंकानं चिकटवलं. पदर झाला. नळीचं वरचं तोंड नखानं आत दाबून मिटलं, विडीचं मिटतात तसंच. तिनं ती बाई सतरंजीवर उभी केली. पडली. परत उभी केली, भिंतीला टेकवून. मग काय, सगळी खोली त्या कामाला लागली. नळ्या वळायच्या, त्यांना लुगडी नेसवायची आणि भिंतीला ओळीनं उभं करायचं. कुणी मांडीवर ठेवायला इवलं सूप केलं. कुणी बसलेली बाई करायची म्हणून नळी मधे वाकवली तर ती सारखी सरळ व्हायची, तिच्यावर दोघं ओरडत बसले. बघता बघता आमची गल्ली उभी राहिली.

साहेबबाई वाकून बघायला लागल्या. नात सांगत सुटली की ही माझी आज्जी, हिरवी, ही समोरची काकू, ही कोपऱ्यातली. अक्काच्या धाकट्यानं आपली बाई पुढं केली. तपकिरी लुगडं, आणि वरचं टोक न मिटता तसंच उघडं ठेवलेलं.

साहेबबाईंनी विचारलं, "हिचं काम राहिलं का रे?"

"न्हाय. ही माझी आई हाय. ही बोलतीया."

साहेबबाईंनी डायरी तोंडापुढं धरली. खांदे हलताना मला दिसले.

पण लगेच गंभीर झाल्या, आणि माझ्याकडं आल्या. त्यांनी मला अध्यक्ष म्हणून विचारलं, हळूच, पण सरळ विचारलं. "आजी, ही मुलं घरी विड्या वळतात का?"

आता इथं खोटं बोलता आलं असतं. हेडसर डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होते. मी म्हणाले, "बाई, आमच्या घरात पोरीला सुपाला हात लावू देत न्हाय मी. शेजारपाजारी पण पोरांना कुणी वळायला बसवत न्हाय, मी फिरून बघते. पर दारात बसून आमी दिवसभर त्येच करतो, आन ती आमच्याफुडं अभ्यास करत्यात. आता त्येंचे डोळे बांधून ठिवू का?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग डायरीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचायचा प्रयत्न केला, पण बाईचं अक्षर डॉक्टरांसारखं.

जाताना त्यांनी मॅडमना सांगितलं की पुढच्या प्रशिक्षणात येऊन हा तास जसा झाला तसा सांगायचा, आयांनी पानं करून ठेवलेल्या कागदासकट. म्हणजे त्यांना आवडलं होतं. हेडसरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात जोडून साहेबबाईंना विचारलं की बाई, मग ह्या दोन तासांचं काय करू. साहेबबाई म्हणाल्या, शासनानं तास द्यायला सांगितलंय आणि शिक्षकांना तयार करायचं आमच्याकडं दिलंय, ते आम्ही करतोय. पण पालकांना नको असलेला तास कुठल्याच शाळेत टिकत नाही. तुमच्या समितीला विचारा. आणि गाडीत बसल्या.

झालं, आलं सगळं आमच्यावर.

पुढच्या सभेला इतक्या बाया आल्या की सतरंजी पुरली नाही. अक्का सगळ्यांच्या पुढं. तिच्या धाकट्यानं घरी जाऊन सांगितलं होतं की आई, तुझं तोंड उघडं ठेवलंय म्हणून. ती दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती, जसं काही तोंड मी उघडं ठेवलं. सभा सुरू व्हायच्या आधी ती भिंतीपाशी गेली, सगळी ओळ बघितली, आपली बाई शोधली, आणि येऊन बसली. चेहऱ्यावरून काही कळेना.

हेडसरांनी विषय मांडला, दोन्ही बाजूंनी, सरळ मांडला. मी म्हणाले, बोला ज्याला बोलायचं त्यानं. अक्का उभी राहिली. मला वाटलं तोंडाचंच काढते आता. पण तिनं मॅडमना विचारलं ते वेगळंच.

"मॅडम, ह्ये करून माझ्या पोराला भागाकार येनार हाय का?"

मॅडमना हो म्हणता आलं असतं. तसं बोलायला शिकवतातही बहुतेक, कलेनं गणित सोपं होतं वगैरे, आणि काही वेळा होत असेलही. पण त्या म्हणाल्या, "भागाकार मी त्याला शिकवीन. शाळा सुटल्यावर बसवीन, पण शिकवीन. हा तास भागाकारासाठी नाहीये, अक्का."

"मग कशासाठी हाय?"

"त्या दुपारी मी तुम्हाला कागद दिला, मनाला येईल ते करा म्हणाले. तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

मला माझे मांडीवरचे हात आठवले.

"मलापण तसंच वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "ह्या पोरांना तसं वाटू नये, एवढ्यासाठी आहे."

बाहेर कुणाचीतरी रिक्षा माल घेऊन गेली. अक्का उभीच होती. ती अशी गप्प उभी मी आधी कधी बघितलेली नव्हती. मग तिनं हेडसरांकडं वळून सांगितलं, हुकूम सोडावा तसं.

"दोन्ही तास ऱ्हाऊ द्या. पोराला सांजच्याला भागाकाराला बसवा, मी आनून सोडते. आन मॅडम, त्ये तोंड उघडंच ठिवा, मिटू नका. फकस्त लुगडं बदला. असलं मातकट नेसून मी कदी दारात बसलीय का, इचारा ह्या समद्यांना."

हात वर करा म्हणायच्या आधीच बायांनी हात वर केले. हेडसरांनी ठराव लिहायला घेतला. मॅडमनी उरलेल्या पानांचं सूप अक्कापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, घ्या तुम्हाला हवा तो रंग.

अक्कानं जांभळं काढलं, उजेडाला धरलं, परत ठेवलं. मग लाल. लाल नको म्हणाली, भिंतीवरच्या ओळीत तिच्या नात्यातल्या एकीला लाल नेसवलंय. मग शेंदरी. ठराव लिहून झाला, मी वाचून खाली सही केली, बाकीच्यांच्या सह्या-अंगठे झाले, चहा आला आणि संपला. तरी तिचा रंग ठरेना.